पानावरची हसरी मंडळी

मंगळवार, दुकान बंद करून

फोटोतल्या त्या चौघा परक्यांना अजून हलवलं नाहीस ना? तू बनवलेलं माझ्या शिलाईच्या दुकानाचं पान फोनवर उघडावं, तर टेबलाभोवती दात काढून बसलेलीच. मधली म्हातारी तर अशी गुटगुटीत, की सुईत दोरा ओवायची वेळ तिच्यावर कधी आलीच नसावी. तुझ्या जागीही एक पोरगी बसलीय.

असो. चि. नातीला आशीर्वाद. माझे गुडघे जागेवर आहेत.

तू म्हणालेलीस, "आजी, मला कोडबिड येत नाही. फ्रेमवर्क, म्हणजे पानाचा सांगाडा, तयार मिळतं, त्यात आपला मजकूर भरायचा. तो फोटो आधीपासूनच आत होता. काढला की सगळं पान विस्कटतं, कोडवाल्याला विचारते." तयार घेतलंस त्यात लाज कसली? रेडिमेड पँट खालून दुमडून देण्यावरच माझं पोट चाललंय. पण खिशात दुसऱ्याचा रुमाल राहिला, तर तो मी आधी काढते बाई.

शाळेतल्या बाई चेन बदलायला आल्या. म्हणाल्या, "काकू, फोटोतली सून किती गोड हसते हो! बरी आहे ना?" तुझे आईबाप कधीच गेले, हे त्यांना कुठलं ठाऊक. ही आमची माणसं नव्हेत, एवढंच सांगायचं होतं. तर मी म्हटलं, "बरी आहे. जरा खोकला झालाय."

दुसऱ्या दिवशी बाई सुनेसाठी मध घेऊन हजर! बाटली मशीनशेजारी आहे. खोकला मला बरा करावा लागला.

मग बाईंनी विचारलं, "आणि नात?" म्हटलं, "येते की दर रविवारी." तिथं मात्र सुई बोटात गेली.

पानावरून तुला निरोप धाडला होता. लगेच उत्तर: "संदेशाबद्दल आभार. आमची टीम लवकरच संपर्क साधेल." टीम! मी एकटी मशीन मारते, तू एकटी तिकडे, आणि म्हणे टीम. म्हणून हा कागद.

चौघांना हाकल म्हणते खरी, पण मग तिथं बसवायचं कोणाला? एक मी. दुसरी तू, रविवारी आलीस तर. पान विस्कटलं तर विस्कटू दे. मधही संपवायचाय.

फोटोत नसलेली,
आजी

ता. क. उत्तर टीमनं द्यायचं नाही, कोडवाल्यानंही नाही. तू द्यायचं, तोंडानं.