आतून पिवळंच

३ मार्च
ही बहिणीकडे गेली. बॅग मोठी होती, पण बायकांना कपडे जास्तच लागतात. गुरुवारपर्यंत येईल. तोवर घर एकदम शिस्तीत ठेवायचं. आज दूध उतू गेलं. शेगडीच जुनी आहे.

८ मार्च
गुरुवार गेला. मेहुणीला फोन. म्हणाली, भावोजी, ताई आता इथंच राहणार, तुम्ही तिचं कधी ऐकून तरी घेतलंत का? मी म्हटलं, मुद्द्याचं बोल. तेव्हा कुठं सांगितलं, की मागे माझ्याबरोबर बाजारात आली तेव्हा ही पांढऱ्या सोन्याच्या अंगठीपुढे कितीतरी वेळ उभी होती.
मग हे आधी सांगायचं! अंगठीवरून रुसली आहे, एवढंच. उद्या घेऊन टाकतो. विषय संपला.

९ मार्च, दुपारी
दुकानदाराने डोकं खाल्लं. म्हणे सोनंच असतं, पण त्यात दुसरे पांढरे धातू घालतात. तरी थोडं पिवळसर राहतं, म्हणून वरून रोडियम का कायसा त्याचा मुलामा. त्याने आरशासारखं चमकतं. पिवळ्यासारखा भपका नाही, म्हणून लोकांना आवडतं. मी म्हटलं, लेथवर जन्म गेला माझा, धातू मला शिकवू नका. तो म्हणाला, काका, मग घासू तेवढी नका.
माप विचारलं. माझी करंगळी दाखवली. बायकोचं बोट मला पाठ आहे.

संध्याकाळी
अंगठीवर डाग वाटला. झिरो नंबरचा पॉलिश पेपर मारला. अगदी हलक्या हाताने.

१० मार्च
डाग वाढला. परत घासली.

११ मार्च
अंगठी ना धड पांढरी ना धड पिवळी. दुकानदार म्हणाला, मुलामा गेला, दोन दिवसांत परत चढवून देतो. साफ नाही म्हटलं. वरून एक, आत एक, हे आपल्याला चालत नाही. हिलाही माझा हाच स्वभाव आवडतो.

१३ मार्च
ठरवलं. ही बोलताना मध्ये बोलायचं नाही. आजपासून लागू. आज कुणाशीच बोललो नाही, त्यामुळे शंभर टक्के पाळलं.

१७ मार्च
ही आली! बरोबर मेहुणी आणि टेम्पो. शिलाई मशीन न्यायचं म्हणाली. दाराजवळच्या खुर्चीत बसली, पाहुण्यासारखी. मी अंगठी पुढे ठेवली. उलटसुलट करून बघितली आणि हसली. हसली म्हणजे जमलंच की.
म्हणाली, अहो, मला अंगठी नकोच होती. मी एवढंच म्हणत होते, किती शांत दिसतं हे, आणि तुम्ही मध्येच सोन्याचा भाव सांगत सुटलात. मी म्हटलं, तेव्हा भाव खरंच चढला होता.
पुढे आणखी काही सांगणार होती. पण टेम्पोवाला मशीन तिरकं धरत होता, मला त्याच्यावर ओरडावं लागलं. तेवढ्यात ती उठली.
बोटात घालून बघितली नाही. टेबलावरच ठेवून गेली. सोनं टाकून कुणी कायमचं जातं का? शेजारी तिची घराची किल्लीपण आहे.
बरं झालं. माझी हरवली तर कामाला येईल.