नावडत्या पदार्थांची यादी

प्रिय चिमणे,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी ते चाचपून बघशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, यात पैसे नाहीत. मागच्या महिन्यात निघताना तुझ्या पिठाच्या डब्याखाली ठेवून आलो होतो ते पाकीट चार दिवसांत टपालानं परत आलं. वर तुझ्या अक्षरात माझा पत्ता, आत साधी चिठ्ठीसुद्धा नाही. तुझी आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. पोरीला पैसे द्यायची ही काय रीत झाली, तिला किती लागलं असेल, असं तिचं म्हणणं. मला मात्र थोडं हसू आलं, कारण तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, फक्त टपालखर्च वाचवून कुणाच्या तरी हाती धाडलं असतं. फोनवर विषय काढला की तू म्हणतेस, सगळं ठीक आहे बाबा, आणि लगेच माझ्या गुडघ्याची चौकशी करतेस. गुडघा बरा आहे. मला बोलायचंय ते जावईबापूंचा छापखाना बंद पडून पाच महिने झाले त्याबद्दल, आणि तुझ्या घरातल्या जेवणाबद्दल. फोनवर तू बोलू देत नाहीस. पत्र तुला मधेच तोडता येणार नाही, म्हणून लिहायला बसलोय.

तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा आमच्या कारखान्याला टाळं लागलं होतं. ते दीड वर्ष आपलं घर तुझ्या आईच्या पगारावर चाललं. ती इस्पितळाच्या लाँड्रीत सकाळी सहाला जायची आणि घरी मी, आजी, तू आणि चार वर्षांचा धाकटा. स्वयंपाकघर माझ्या गळ्यात पडलं. याला चहासुद्धा धड येत नाही, हा काय पोरांना जेवू घालणार, असं आजी शेजारच्या बाईंना माझ्यादेखत म्हणाली होती. पण मी सतरा वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलेला माणूस. कुठल्या खणात किती नटबोल्ट उरलेत ते न उघडता सांगणारा. कांदे-बटाटे म्हणजे याहून काय वेगळं, अशी माझी समजूत. फडताळाच्या कप्प्यांना मी चिठ्ठ्या चिकटवल्या आणि आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा, हा स्टोअरचा नियम कोबीलाही लावला. जुना संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही. परिणाम असा की आपण कायम शिळाच कोबी खात होतो आणि ताजा कोबी त्याची पाळी येईपर्यंत शिळा होऊन बसायचा. हे आजीनं तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आणून दिलं, तेही सगळ्यांसमोर, जेवताना. तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी आपण दोघं निघायचो. त्या वेळेला भाजीवालीला घरी जायची घाई असते आणि उरलेलं ओझं परत न्यायचा कंटाळा असतो. पिशवी घडी करून काखेत धरायची, हे मी तुला शिकवलं होतं. रिकामी पिशवी हातात लोंबत ठेवली की माणूस गरजू दिसतो आणि भाव उतरत नाही. मऊ पडलेले टोमॅटो तू असे निवडायचीस की भाजीवालीनं एकदा तुला विचारलं, पोरी, तुझं दुकान आहे का कुठं. मग बेकरी. तिथं आदल्या दिवशीचे पाव आणि तुटलेली बिस्किटं वजनावर मिळायची. बेकरीवाला मापून झाल्यावर वर एक मूठ टाकायचा आणि ते आपल्याला दिसू नये म्हणून तोंड फिरवायचा. भला माणूस होता. तुटक्या बिस्किटांतून तू पूर्ण गोल शोधून काढायचीस आणि ते धाकट्याच्या खिशात घालायचीस. मला ते दिवस वाईट म्हणून आठवत नाहीत, चिमणे. तुझा हात माझ्या हातात असायचा आणि रस्ताभर तुझी टकळी चालू असायची. कारखाना चालू असता तर मला इतकी तू मिळाली नसतीस.

यादी केली ती दुसऱ्याच आठवड्यात. कुठल्या खात्याला काय लागत नाही हे आधी विचारून घेतलं की स्टोअरमध्ये माल पडून राहत नाही, हे मला पाठ होतं. म्हणून मी सगळ्यांना जमवलं आणि गंभीर चेहरा करून विचारलं, कोणाला काय आवडत नाही, खरंखरं सांगा. म्हणजे एकाला नको ते दुसऱ्याला जाईल आणि काही वाया जाणार नाही. आजी म्हणाली, साखर, गोड खाल्लं की छातीत जळजळतं. तुझी आई म्हणाली, दूध, मला मेलं त्याचा वास येतो. धाकटा म्हणाला, कोबी. तू छताकडे बघितलंस आणि म्हणालीस, अंडी, पिवळं बघून कसंतरीच होतं. मी सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि कागद फडताळाच्या दाराला आतून लावला. काय खूश झालो होतो मी. आठवड्याला किती अंडी, किती दूध, किती साखर, सगळा हिशेब एकदम बसला. तो का बसला हे मला कळलं नाही. चौघांतल्या तिघांनी बरोब्बर सगळ्यांत महाग वस्तूचं नाव घेतलं होतं. कागदावर एकच खरी नोंद होती, धाकट्याची, आणि त्या बिचाऱ्याला कोबी खावाच लागला, कारण घरात दुसरं काही नसायचंच. अजून तो मला ते ऐकवतो.

माझं नाव यादीत नव्हतं, पण मी काही साळसूद नव्हतो. भाताच्या पातेल्याच्या तळाला लागलेली खरवड कोण खाणार, असा प्रश्न आला तेव्हा मी म्हणालो, मला द्या, मला फार आवडते. तुझ्या आईनं ते मनावर घेतलं. कारखाना उघडला, पगार सुरू झाला, चांगला तांदूळ आला, तरी आजतागायत ती माझ्यासाठी भात मुद्दाम किंचित लागू देते. परवाही तिनं पातेलं खरवडून करपलेला भात माझ्या ताटात वाढला आणि मी खातोय का ते बघत उभी राहिली. सव्वीस वर्षं झाली. मला तो भात बघवत नाही, आणि आता तर दातही साथ देत नाहीत. पण तिचा चेहरा बघितला की मी मुकाट्यानं खातो. हे तिला कळू देऊ नकोस.

बाकीच्यांची लबाडी हळूहळू उघडी पडली. पहिला पगार झाला त्या दिवशी आजीनं चहात तीन चमचे साखर घातली, ढवळली, शांतपणे प्यायली आणि कोणाकडे बघितलंसुद्धा नाही. छातीत जळजळण्याचं पुन्हा नाव नाही. तुझ्या आईला मात्र बिनदुधाच्या चहाची अशी सवय लागली की आता तिला खरंच दुधाचा वास येतो. तुझं काहीच कळलं नाही. पुढे आपल्याकडे डझनानं अंडी यायला लागली तरी मी तुझ्या ताटात एकही वाढलं नाही, कारण मला वाटायचं, पोरीला त्रास होतो. तुझ्या लग्नाच्या जेवणात मी आचाऱ्याला तीनदा जाऊन सांगितलं होतं, नवरीच्या पानात अंडं नको. तू तिथं हार घालून बसली होतीस, ऐकत होतीस आणि हसत होतीस. खरं सांगितलंस तर बापाचं तोंड उतरेल म्हणून गप्प बसलीस ना?

आता मागच्या महिन्यात तुझ्या घरी राहिलो त्या चार दिवसांविषयी. स्टोअरकीपरला पाहुणा म्हणून बोलावू नये, त्याची नजर आधी फळीवर जाते. चहापत्ती शोधताना मला दिसलं की पुढच्या रांगेतले डबे भरलेले आहेत आणि मागचे सगळे रिकामे. बटाट्याची साल तू इतकी पातळ काढतेस की पलीकडचं दिसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू तीन अंडी उकडलीस. माणसं आपण चार. एक मला, एक जावईबापूंना, एक माझ्या नातीला, छोटीला, आणि तू चहात पाव बुडवून खात होतीस. मी मोठ्या कौतुकानं जावईबापूंना म्हणालो, हिला लहानपणापासून अंडी आवडत नाहीत. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. ते म्हणाले, बाबा, लग्न झाल्यापासून ही रोज सकाळी दोन अंडी खाते, एखाद दिवशी एकच उरलं तर माझ्याशी भांडते, हल्लीच नको म्हणायला लागलीय. तू उठून गॅस बंद करायला गेलीस. तो आधीच बंद होता. मी ते अंडं कसंबसं गिळलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. रडलो, चिमणे, लपवत नाही. एक नऊ वर्षांची पोर दीड वर्ष रोज माझ्यासमोर बसून भावाच्या ताटातलं अंडं बघत होती, आणि मी, मोजण्यात हुशार म्हणून नावाजलेला माणूस, फसलो. खरं तर मला फसायचंच होतं. तू छताकडे बघितलंस तेव्हा कुठंतरी आत मला कळलं होतं. पण त्या कागदानं माझं काम सोपं केलं होतं, म्हणून मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्याबद्दल तुझी माफी मागायला मला इतकी वर्षं लागली. ती मागतो.

एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं, माफी मनात मागून गप्प बसलो असतो. लिहितोय ते तिसऱ्या दिवसामुळे. तू औषधांच्या दुकानात कामाला गेली होतीस, जावईबापू कामाच्या शोधात बाहेर होते, छोटी शाळेतून आली आणि मी तिला दूध गरम करून दिलं. तिनं कप माझ्याकडे सरकवला, छताकडे बघितलं आणि म्हणाली, मला दूध आवडत नाही. तू मला आदल्याच दिवशी म्हणाली होतीस की हिची आवड बदलत चाललीय, वाढत्या वयात असं होतं. या वेळी मी दुसऱ्यांदा विचारलं, आणि तिसऱ्यांदाही. मग तिनं माझ्याकडून शपथ घेतली आणि कानात सांगितलं की तुमचं दोघांचं दुधावरून बोलणं तिनं ऐकलंय, आणि तिला आवडेनासं झालं की आईला अर्धंच दूध घ्यावं लागेल. सात वर्षांची आहे ती. मी शपथ मोडतोय, तिच्यापुढे मी तोंडघशी पडेन, पडू दे. मला फसवणारी तू, तुझ्याच पोरीकडून फसलीस, कारण तुलाही दुसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही. म्हणून गुरुवारी सकाळच्या गाडीनं मी येतोय. पैसे आणत नाही, दोन कपडे आणि माझा एप्रन आणतोय. दुकानाच्या मालकांनी तुला पूर्ण वेळ काम देऊ केलंय आणि छोटी दुपारी एकटी राहील म्हणून तू नको म्हणालीस, हे जावईबापूंनी मला सांगितलंय, त्यांच्यावर चिडू नकोस. मालकांना हो म्हणून टाक. छोटी माझ्याकडे, स्वयंपाक माझ्याकडे, बाजारही माझ्याकडे, छापखाना उघडेपर्यंत किंवा जावईबापूंना दुसरं काम लागेपर्यंत. तुझ्या आईनं परवानगी दिलीय, ती म्हणते तेवढेच दिवस माझं स्वयंपाकघर मोकळं राहील. मला यायला नको म्हणणारा फोन केलास तर मी उचलणार नाही. फक्त मी पोचायच्या आधी एक काम कर. हे पत्र वाचून झालं की घरात असेल तेवढं दूध दोन कपांत सारखं ओत, एक छोटीपुढे ठेव आणि दुसरा घेऊन तिच्यासमोर बस. तिला रागावू नकोस, काही समजावू नकोस. ती तुझ्या कपाकडे बघत बसेल. तू तुझा कप शेवटच्या घोटापर्यंत संपव, मग ती तिचा उचलेल.

तुझाच,
बाबा