खांद्यावरचा हात

चँडलर, ३ नोव्हेंबर २००५

चि. सौ. नीलांबरीस राजारामाचे अनेक आशीर्वाद.

शुभाकडे सुखरूप पोचलो. बाबा अचानक कसे आलात, असं शुभाने विचारलं. मी म्हटलं, तुझ्या भावाला विचार. फोन करणार नाही, फोनवर मी ओरडतो आणि नातवंडं घाबरतात. म्हणून पत्र, आणि तेही तुला. सुनेवर रागवावं असं तू काही केलेलं नाहीस.

तुमच्या वाचनालयातल्या दुसऱ्या महायुद्धाच्या प्रदर्शनात गिरीशने माझा फोटो लावला आहे, खाली 'नौदल अधिकारी'. अगं, मी आगवाला होतो. मालवाहू जहाजाच्या पोटात, बॉयलरच्या तोंडात फावड्याने कोळसा टाकणारा. रशियाला रणगाडे आणि डबाबंद अन्न नेणाऱ्या ताफ्यात आम्ही होतो. वर डेकवर दोर गोठून लोखंडासारखे व्हायचे आणि खाली आम्ही उघड्या अंगाने भाजून निघायचो. अधिकारी आमच्याकडे ढुंकून बघत नसत, आणि हा मलाच अधिकारी करतो!

तेही मी गिळलं असतं. पण ग्लासगोला काढलेल्या त्या फोटोत आम्ही दोघे होतो, मी आणि आमच्या दाभोळचा याकूब परकार. जहाज बुडाल्यावर होडीत याकूबने माझे बूट काढले आणि माझे पाय सदऱ्याखाली स्वतःच्या पोटाला लावून धरले. माझी पायाची दोनच बोटं गेली. त्याचे पाय धरायला कोणी नव्हतं, तोवर मी शुद्धीवर नव्हतो. तो होडीतच गेला. दर सर्वपित्रीला मी त्याच्या नावाने पाणी सोडतो, ते गिरीश लहानपणापासून बघतो आहे. त्याच गिरीशने याकूबला कापलं. म्हणे फोटो फ्रेममध्ये बसत नव्हता. बापाला शेंडी लावतो.

कापलेला तुकडा ताबडतोब पाठव. याकूबचा दुसरा फोटो जगात नाही.

तुझ्यावर लोभ आहेच. गिरीशवरचा सध्या आवरून ठेवला आहे.
राजाराम

नेपरव्हिल, ८ नोव्हेंबर २००५

तीर्थरूप बाबांना सा. न. वि. वि.

तुकडा नाही, बाबा. बेसमेंट, गिरीशचं टेबल, गाडी, सगळं पालथं घातलं. त्याने तो कचऱ्यात टाकला आणि कचऱ्याची गाडी घेऊन गेली. स्कॅनही केला नव्हता.

फ्रेमची सबब खोटीच निघाली. मी पिच्छा सोडला नाही, तेव्हा बोलला. याकूबकाकांची गोल टोपी आणि दाढी. मागे आपल्या ईशानने दाढी वाढवली होती, तेव्हा ट्रेनमध्ये एकजण त्याच्या शेजारून उठून गेला आणि विमानतळावर पोराला वेगळं बसवून ठेवलं. गिरीश म्हणाला, "लोक आधी फोटो बघतील, मग आपलं नाव बघतील, मग आपल्याला. मला रिस्क नको, यार."

मी म्हटलं, "ज्याच्या पोटाच्या उबेवर बाबा जगले आणि म्हणून तू जन्मलास, तो तुला रिस्क वाटतो?" त्यावर तो फावडं घेऊन ड्राइव्हवे साफ करायला गेला. बर्फ बोटभरही नव्हतं.

राग मला तुमचाही आला आहे. मला न सांगता टॅक्सी बोलावलीत आणि गोळ्या इथेच टाकून गेलात. सोबत पाठवते आहे, मुकाट्याने घ्या.

एक सांगायचं राहिलं. फोटोत तुमच्या खांद्यावर याकूबकाकांचा हात अजून आहे. तो कापायचा तर तुमचा खांदाही गेला असता.

रागातही माया असू द्या.
आपली नीलांबरी

चँडलर, १३ नोव्हेंबर २००५

चि. सौ. नीलांबरीस अनेक आशीर्वाद.

गोळ्या मिळाल्या. हात राहिला हे वाचून शुभाच्या अंगणात निवडुंगासमोर बसून रडलो, आणि डोळे पुसल्यावर परत चिडलो.

भीती मला कोणी शिकवू नये. खाली पाणबुड्या फिरत असताना आम्ही जहाजाच्या तळाशी उभे होतो. भ्यालेला माणूस पळतो, लपतो. शेजारच्याला होडीतून ढकलत नाही.

तो फोटो तिथून काढायचा नाही. खालची पाटी गिरीशने बदलावी, स्वतःच्या हाताने. मी कोण ते लिहावं, हात कोणाचा ते लिहावं आणि बाकीचा याकूब कुठे गेला तेही लिहावं. तोवर तुमच्या घराची पायरी चढणार नाही. माझं वय ब्याऐंशी आहे, तेव्हा फार विचार करत बसू नकोस म्हणावं.

ईशानला पापा. दाढी ठेव म्हणावं.
राजाराम

नेपरव्हिल, २० नोव्हेंबर २००५

तीर्थरूप बाबांना सा. न. वि. वि.

पाटी बदलली. वाचनालयातल्या बाईंनी विचारलं, शेवटची ओळ नक्की ठेवायची का? गिरीश हो म्हणाला. त्याने असं लिहिलं आहे: 'राजाराम सुर्वे, आगवाला. खांद्यावरचा हात याकूब परकारचा. तोही आगवाला. त्याने माझ्या वडिलांना वाचवलं. याकूबला या फोटोतून मी कापलं. गिरीश, राजारामचा मुलगा.'

काल तो स्वतः फोटोजवळ उभा होता. लोक विचारत होते, तो सांगत होता. मग काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. तेही त्याच समुद्रात जहाजावर होते. त्यांनी एवढंच विचारलं, कसा दिसायचा तो?

गिरीशला सांगता येईना, बाबा. टोपी आणि दाढी यापलीकडे त्याला काही आठवेना. घरी येऊन जेवला नाही. तुम्हाला फोन लावतो आणि वाजायच्या आत ठेवतो.

काय सांगू त्याला, ते कळवा.
आपली नीलांबरी

चँडलर, २४ नोव्हेंबर २००५

चि. सौ. नीलांबरीस आशीर्वाद.

याकूबचा चेहरा फोनवर सांगता येत नाही. गिरीशला इकडे पाठव. माझ्यासमोर बसू दे. कपाळापासून सुरुवात करीन.

माझा राग गेलेला नाही. पण तो चेहरा आता फक्त माझ्यापाशी आहे. लवकर ये म्हणावं.

राजाराम