बकासुराच्या गाड्याला दाजींची जोडी

काकती,
रविवार, दुपार

ती. आक्काच्या पायावर भरमाचं डोकं.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस की बाटली फडताळातच आहे? फोनच केला असता, पण तुझा फोन दाजी स्पीकरवर लावतात, म्हणून पत्र. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत आणि दाजींची बैलजोडीही सुखरूप आहे. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं नीट वाचशील. (बसून वाच.)

दाजींनी जोडी पेरणीला दिली होती, हे खरं. पण आमच्या माळावर भीम-बकासुराचा सिनेमा आला आणि त्यांना अन्नाचा गाडा ओढायला बैल हवे होते. गाडीवान म्हणून माझी पाठ दिसेल, असं दिग्दर्शक म्हणाले. आक्का, माझ्या पाठीला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो. बकासुर होते बेळगावचे मारुतीराव वकील. (साखरेमुळे त्यांना भात बंद, त्यामुळे गाडाभर भात बघून डोळे आपोआप राक्षसाचे व्हायचे.)

गाडा हळूहळू गुहेकडे न्यायचा, एवढंच काम. पण शोभा म्हणून कुणीतरी गुहेच्या तोंडावर आंब्याच्या पानांची दोरी बांधली आणि शिवाय हलगीही वाजवायला लावली. परवाच्याच बेंदराला तुमच्या बोरगावच्या वेशीत पानांची आडवी दोरी, म्हणजे कर, तोडून पहिली आलेली जोडी ती. समोर दोरी, कानात हलगी, मग काय करणार? मी कासरा ओढेपर्यंत दोरी तुटली होती, पुठ्ठ्याची गुहा आडवी झाली होती, भीम भातात बसला होता आणि वकीलसाहेब सुळ्यांसकट बाभळीवर होते. मी कुठं पडलो ते विचारू नकोस. बैल मात्र गाड्यासकट दिसेनासे झाले.

तासभर रानोमाळ पळालो. जवळच हायवे, त्यावर ट्रक. दाजींना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. (तुझ्यावर रागावले तर ते दोन दिवस बोलत नाहीत. बैलांपायी माझ्याशी जन्मभर बोलले नसते.) शेवटी गावात आलो, तर जोडी मारुतीच्या देवळापुढं शांत उभी. कर तोडली की देवळापुढं थांबायचं, हे त्यांना पाठ. गाव परकं असलं म्हणून काय झालं? शेजारची गुणाबाई त्यांच्या पायांवर पाणी घालत होती. म्हणाली, "रडतोस कशाला रं? दारात बैल आलं की पाय धुवायचं असत्यात. जा, पोळी घिऊन ये."

मी जोडीतल्या हरण्याच्या गळ्यात पडून रडलोच. पाखऱ्यालाही ओरखडा नाही. पुन्हा सिनेमाचं नाव काढणार नाही, अशी तिथंच मारुतीसमोर शपथ घेतली. मग कुठं काल रात्री झोप लागली.

तुझा धाकटा,
भरमा

ता. क. पत्र वाचून चुलीत घाल.

ता. क. आणखी एक. त्या गडबडीत कॅमेरावालाही पळाला, त्यामुळं काहीच टिपलं गेलं नाही. दिग्दर्शकांना सगळं तसंच्या तसं मंगळवारी पुन्हा हवंय. शपथ मारुतीसमोर घेतली होती, म्हणून त्यालाच कौल लावला. उजवा दिला. तेव्हा पेरणी राहिलीय, जोडी आठ दिवस राहू दे, असं दाजींना सांग. खोटं नाही, आक्का. अजून एक काकरीसुद्धा ओढलेली नाही.