जागेअभावी कापलेला फोटो

प्रिय धाकट्या,

तुझं पाकीट मिळालं. निमंत्रणपत्रिका जाड कागदावर झकास छापली आहे. 'संग्रहालय प्रमुख' म्हणून खाली तुझी सही बघितली आणि शेजारच्या शिंपीणबाईंना मुद्दाम हाक मारून दाखवली. त्या म्हणाल्या, "भाऊ मोठा झाला हो तुमचा!" मी म्हटलं, "मोठा झालाय खरा, शहाणा किती झालाय ते बघायचंय." माझे गुडघे कुरकुरतात, पण स्टुडिओ रोज उघडते. हल्ली लोक ओळखपत्राच्या फोटोपुरतेच येतात. जन्मभर "जरा हसा" म्हणणारी मी आता दिवसभर "हसू नका" म्हणत बसते.

पत्रिकेवरचा फोटो बाबांनी काढलेला, हे मी लांबूनच ओळखलं. तो काढला तेव्हा तू रांगत होतास, तुला काय आठवणार? युद्ध जवळ येत होतं. देवळाच्या विश्वस्तांनी बाबांना बोलावून सांगितलं, "प्रत्येक खांब, प्रत्येक कमान टिपून ठेवा. पडलंच, तर जसंच्या तसं बांधता आलं पाहिजे." आत मिट्ट काळोख. बाबांनी मला मोठा आरसा देऊन दारात उभं केलं. मी बाहेरचं ऊन त्यात पकडून आत फेकायचे आणि आई पांढरी चादर ताणून ते खांबांवर वळवायची. तू त्या चादरीखाली शिरून बसायचास. बाबा काळ्या कापडातून ओरडायचे, "ऊन हललं!" माझे हात भरून यायचे, पण आरसा खाली ठेववत नसे. घुमटाच्या पोटातली निळी नक्षी मला पहिल्यांदा दिसली ती त्या उन्हात. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे मान खाली घालून येत आले होते. वर काय आहे ते आम्ही पाहिलं.

मग एक दिवस पायऱ्यांशी ट्रक येऊन थांबले. शत्रूचे नव्हेत, आपलेच. शिपाई खोकी उतरवायला लागले, तोफगोळ्यांची खोकी. देवळाच्या तळघरात तेव्हा आपली अख्खी गल्ली आसऱ्याला होती, म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या बायका. त्यांचा साहेब बाबांना म्हणाला, "देवळावर कोण बॉम्ब टाकतंय? याहून सुरक्षित कोठार मिळायचं नाही." बाबा गप्प राहिले. आई राहिली नाही. घरात साधा आवाज न चढवणारी आपली आई पायऱ्यांवर आडवी उभी राहिली आणि हात वर करून म्हणाली, "खाली माणसं आहेत. एक खोकं आत जाणार नाही." बाबांचा कॅमेरा तिच्या मागे, देवळाच्या दारात लावलेलाच होता. त्यांनी भिंगावरचं झाकण काढलं. तेवढं मात्र त्यांनी केलं. नंतर शिपायांनी आईला बाजूला ढकललं आणि खोकी आत गेली.

आईने ते तिथेच सोडलं नाही. दारोदार जाऊन लोकांना सांगत सुटली की तळघरातून बाहेर पडा. बाबांना म्हणाली, "मुलांना घेऊन नदीपलीकडे जा, मी मागून येते." विमानं आली तेव्हा ती उरलेल्या म्हाताऱ्यांना वर आणत होती. बॉम्ब शत्रूचा होता, त्यांचं पाप मी धुऊन काढायला बसलेली नाही. पण त्या बॉम्बने घुमटाला फार तर भगदाड पडलं असतं. देऊळ जमीनदोस्त झालं ते आत भरलेल्या गोळ्यांनी. गल्लीतली बरीच माणसं वाचली. आई मागून आली नाही. बाबांनी हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तोंड उघडणाऱ्यांचं त्या काळात काय व्हायचं ते त्यांनी पाहिलं होतं. मला त्यांनी सांगितलं ते एवढंच, की फोटोंच्या मूळ काचा, त्या निगेटिव्ह, सांभाळ. त्या मी सांभाळल्या आणि तू मागितलेस तेव्हा एकूण एक फोटो छापून तुझ्याकडे पाठवले, हाही त्यात होता.

आता तू चिठ्ठीत लिहितोस, "ताई, डावीकडचा भाग जागेअभावी काढावा लागला." एवढ्या मोठ्या संग्रहालयात चार खोक्यांना जागा नाही होय रे? खोकी गेली, ट्रक गेला. राहिले दोन शिपाई आणि हात वर केलेली एक पाठमोरी बाई. खाली तुम्ही छापलंत, 'सैनिकांचे स्वागत करणारी स्त्री'. धाकट्या, हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे. ती तुझी आई आहे. ती स्वागत करत नव्हती, अडवत होती. पूर्ण फोटो मी दाराएवढा मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावलाय, खाली तिचं नाव आणि तिचं वाक्य लिहिलंय. आज सकाळीच एक सरकारी साहेब येऊन "काढा" म्हणाले. मी म्हटलं, "फोटो काढायचा असेल तर बसा. लावलेला काढायचा असेल तर आधी मला हलवा." ते गेले, पुन्हा येतील, येऊ देत. तुझ्या उद्घाटनाला मी येणार नाही. तुझी नोकरी, तुझी खुर्ची, सगळं मला कळतं, तरी सांगते, तूच इकडे ये. आईचे जे फोटो तू पाहिलेस त्या सगळ्यांत ती खुर्चीत बसलेली आहे, ओठ मिटून. ती उभी राहिली की कशी दिसायची, ते एकदा येऊन बघ.

तुझीच, जागची न हललेली,
ताई