मेईच्या आईला एकही वाक्य नाही

१२ जून २०१६, रवि.
मेईची कथा एका बैठकीत वाचली. चहा गार. ऑफिसात इतकी वर्षं शेजारी बसून सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी बाई चिनीत कथा लिहिते, छापून येतात, आणि मला पत्ता नाही! इंग्रजी भाषांतर तिनंच केलंय. फिरत्या ऑपेरा मंडळीतली नटी. लहान मुलगी विंगेतून बघते. आई भर प्रयोगात पोशाख उतरवून निघून जाते, पुन्हा कधीच गात नाही.
याचं नाटक झालंच पाहिजे. पुण्यातल्या एकांकिका सुटल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी बसवावंसं वाटतंय.

१३ जून, सोम.
लंचला विचारलं. मेई हसली. "आमच्या चिनी कथांमध्ये हल्ली नाटकवाले हीप्स असतात, ढीगभर. कथेत ठेवले की गप्प बसतात." मग म्हणाली, "स्टेजवर आईला बोलावं लागेल. मी तिला एकही वाक्य दिलेलं नाही."
पुन्हा पाहिलं. खरंच की! आई पानापानावर गाते, रडते. तोंडी शब्द नाही.
पण हो म्हणाली. हो!!

२ जुलै, शनि.
न्यू लिन उपनगरातला हॉल. इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, आणि हीटर नावालाच. मेई मुलगी, मी आई. नवरोबा मंदार लाइट्सला. मेई कथा बोलते, मी मुक्यानं हालचाली. पाच मिनिटांत मंदार ओरडला, "अगं, हे अभिवाचन झालं! तू नुसती उभी आहेस."
बरोबर. वाचताना आवाज आपण मनात भरतो. इथे मी जिवंत समोर, आणि मुकी.
"एक वाक्य लिही गं," मी.
"काय म्हणाली असती, माहीत नाही. कधी विचारलंच नाही."
म्हणजे? आई आहे?
आहे. इथेच. मेईच्याच घरी!

९ जुलै, शनि.
आंटी, म्हणजे मेईची आई, तालमीला आल्या. मेईनं कथा त्यांना काल पहिल्यांदा वाचून दाखवली म्हणे. जाड कोट, ताठ पाठ. मी पोशाख उतरवल्याचं करून निघाले तशा ताडकन उठल्या, मेईला काहीतरी खडसावलं. मेई पांढरीफटक. कितीदा विचारल्यावर सांगितलं, "ती म्हणते, मी निघून गेले नाही. नंतर मला मंडळीतून काढलं. त्या दिवशी मी शेवटपर्यंत गायले. तू झोपली होतीस."
आणि आंटींनी तिथंच, कोटासकट, सूर लावला.

११ जुलै, सोम.
मेई भडकलेली. "कथा छापून झालीय. लोकांना माहीत आहे ती माझी आई. ही नाही."
मी म्हटलं, दोघींना स्टेजवर येऊ दे की. तू तुझी कथा सांग, त्या त्यांचं करतील. ती बॅग उचलून लवकर घरी गेली. संध्याकाळी तिचा मेसेज: "आई विचारते, पोशाख कोण शिवणार?"
ऑफिसात किंचाळले. सगळे बघायला लागले.

६ ऑगस्ट, शनि. दुपार
आज प्रयोग. जेवण जात नाही. माझी भूमिका आंटींकडे. मी आता दिग्दर्शक. मेई 'आणि ती निघून गेली' म्हणणार. त्यावर आंटी जाणार की गाणार, ठरलेलं नाही. सांगतच नाहीत. मंदार कावलाय: "लाइट कधी काढू?" आंटी इंग्रजीत, "नो लाइट ऑफ."
सकाळी मेई आईच्या भुवया रंगवत होती. मी हळूच विचारलं, "त्या गायल्या तर?"
"ऐकेन. कथा बदलणार नाही." मग भुवईवरचा हात थांबला. "बघू."
मंदार हॉर्न वाजवतोय. निघते.