एका नखानं हुकलेलं विमान

ती. रुक्माआत्यास,

बेल्याहून सुनयनाचा वाकून नमस्कार. (हल्ली मी पाठ ताठ ठेवून, तोंडावर हसू आणून वाकते. तसं शिकले. नमस्कार मात्र जुनाच आहे.) तुझा खोकला कसा आहे? आतोबा सकाळी फिरायला जातात की नुसते बूट घालून ओसरीत बसतात? इकडं कापसाची वेचणी चालू आहे. आई-बाबा रानात, मी घरात तोंड लपवून. फोन न करता पत्र लिहिते, कारण तुझा फोन दादा स्पीकरवर टाकतो आणि माझी फजिती नागपूरच्या तुमच्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाते. ही फजिती तुझ्या एकटीसाठी आहे.

तुला माहीतच आहे, विमानात प्रवाशांची देखभाल करणारी व्हायचं माझ्या डोक्यात होतं. (विमान मी आजवर फक्त खालून पाहिलं आहे, तेही कापूस वेचताना.) बाबांनी एकच मुलाखत कबूल केली. ती हुकली, तर नारनूरच्या खताच्या दुकानवाल्यांना बघायला बोलवायचं. मी हो म्हटलं, कारण ती हुकेल असं मला वाटलंच नव्हतं. मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून मी तयारीला लागले. आधी उंच टाचांच्या चपला. त्या घालून रानात वेचणाऱ्या बायकांना पाणी द्यायला गेले, तर टाचा काळ्या मातीत रुतल्या, मी पुढं निघाले आणि चपला मागं राहिल्या. तरी हसू सोडलं नाही. भागाबाईनं पाणी पिता पिता विचारलं, "काऊन हसून राह्यली वं? कोनाचं लगन ठरलं?" मग तोल सांभाळायचा सराव. आदिलाबादला जाणाऱ्या बसमध्ये हातात ट्रे आणि त्यावर पाण्याचे पेले घेऊन मी मधोमध उभी राहिले. आमच्या तेलंगणात बायकांना बस फुकट आहे, पण कंडक्टर म्हणाला की ट्रेचं तिकीट लागेल. एवढ्यात समोर बैलगाडी आली, ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि पेले एका गुरुजींच्या मांडीवर गेले. मी व्हिडिओतल्यासारखं इंग्रजीत दिलगीर आहे म्हटलं. ते तेलुगूत जे म्हणाले ते लिहीत नाही.

सगळ्यात मोठी चूक घरी झाली. विमान पाण्यात उतरलं तर काय करायचं, ते मी जेवताना बाबांना हातवारे करून दाखवलं. फुगवायचं जाकीट म्हणून आईचं स्वेटर घातलं होतं. बाबांचा घास हातातच राहिला. "पान्यात काऊन उतरते ते?" मी म्हटलं, सहसा नाही उतरत. त्यांनी ताट सरकवलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी फक्त म्हशींबद्दल बोलत.

मुलाखत हैदराबादला, एका मोठ्या हॉटेलात. पोरीला एकटीला कशी पाठवायची म्हणून आई सोबत निघाली, शिदोरीत ज्वारीच्या भाकरी आणि लसणाचा ठेचा घेऊन. आदिलाबादच्या पार्लरवाल्या दामिनीनं माझा अंबाडा इतका करकचून बांधला होता की माझ्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात. प्रत्येक गोष्टीचं मला नवल वाटतंय असं दिसत होतं. (वाटतही होतं. हॉटेलातला दरवाजा आपोआप उघडला तेव्हा मी त्याला नमस्कार केला.) इंग्रजीची एवढी घोकंपट्टी केली, पण आधी इंग्रजी नव्हतंच. आधी भिंतीवरची रेघ होती. अनवाणी, चवड्यांवर उभं राहून हात त्या रेघेला लावायचा. सामानाचे कप्पे उंच असतात म्हणून. मी अंग ताणलं, श्वास धरला, एका नखाएवढं कमी पडलं. आणि दामिनीनं आदल्याच दिवशी माझी नखं कापली होती.

तिथल्या बाईंनी पुन्हा संधी दिली. पुन्हा तेच. तेवढ्यात दारातून आईचा आवाज आला, "अवं, टाचा उचल ना." मी म्हटलं, उचलल्या. आईला ते पटलं नाही. ती सरळ आत आली, चप्पल काढली, पदर खोचला आणि कसं करायचं ते दाखवायला हात वर केला. आत्या, तिचा अख्खा पंजा रेघेच्या वर. रांगेतल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी हसून विचारलं, "आंटी, आप फॉर्म भरेंगी?" आई गंभीरपणे म्हणाली, "भरलं असतं, पन घरी म्हशी हायेत."

मी बाहेर खुर्चीवर बसून रडले. काजळ गालावर, भुवया तशाच वर.  आईनं शिदोरी सोडली. ठेच्याचा वास त्या थंडगार हॉटेलात पसरला आणि रेघेला न पोचलेल्या आणखी दोघी-तिघी जवळ येऊन बसल्या. त्यातली वृषाली म्हणून नागपूरची एक तर भाकरी खात खातच रडली. आई सगळ्यांना म्हणत होती, "खा वं, उंची नाही वाढत तं ताकद तरी वाढन." परत येताना आईनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि अंबाड्याच्या पिना एकेक करून काढल्या. आता ती गावभर सांगते की ती पास झाली. मी नापास, हे तिला वेगळं सांगावं लागत नाही.

तर असं आहे. नारनूरची मंडळी येतील, मी चहा देईन. ट्रेचा सराव वाया जाणार नाही. थोरांना नमस्कार, लहानांना माझ्याकडून एकेक चापट.

तुझी,
सुनयना

ता. क. वृषालीच्या ओळखीनं नागपूरच्या विमानतळावर सामान तपासून पास देण्याच्या काउंटरवर काम मिळतंय. तिथं रेघ नाही. मी फोनवर बोलले, त्यांनी बोलावलंय. तुझ्याकडं राहू का? बाबांना मी विचारलं तर ताट सरकवतील. तू त्यांना सांग की तुझे गुडघे धरलेत आणि घरात पोरगी हवी. गुडघे ठणठणीत आहेत हे मला माहीत आहे, तरी एवढं कर.

ता. क. दुसरा. आईला सगळं माहीत आहे. तिनं माझी बॅग भरली आहे.

अक्का, हे खालचं माह्या हातचं, तुह्या भावाचं, यशवंताचं. पोरीनं पाकीट टपालात टाकाले मले देलं, मी वाचलं. गुडघ्याचं खोटं बोलू नोको, बरं नाही दिसत. नारनूरवाल्यांले मी सांगून टाकलं का पोरगी कामाले चालली. ते इमान जमिनीवरच रायते ना, तेवढं तू एकडाव जाऊन पाहून ये. अन् मी वाचलं हे तिले कळू देऊ नोको, लाजन ते. तू फोन कर. मी आधी दोनदा नाही म्हनीन. तवा फोन ठेवून देऊ नोको.